संपत आली की कळतं का?

जुन्नरच्या बाजारपेठेतलं मोबाइलचं दुकान. छताला कव्हरांच्या माळा, काउंटरच्या काचेखाली चार्जर आणि त्यांच्या शेजारी आडव्या मांडलेल्या काळ्या, बोटभर लांबीच्या, झोत मारायच्या बॅटऱ्या. संध्याकाळ कलत आलेली. टोपीवाले एक म्हातारे गृहस्थ शेताला रात्री पाणी द्यायला जाण्यासाठी बॅटरी घ्यायला आलेले, आणि दुकानातला पोरगा झूमच्या बॅटरीचं तोंड मागेपुढे ओढत समोरच्या घराच्या कौलांवर चौकोनी झोत मारून दाखवतोय. "काका, दोन किलोमीटर मारती ही." काकांनी ती हातात घेतली, तळव्यावर तोलली, मागचं झाकण फिरवून आतली स्प्रिंग बोटानं दाबून पाहिली आणि विचारलं, "आन् संपत आली का कळतं का पण?" पोरगा हसला. "चार्जिंगची आहे काका. संपली की लावायची." "तसं नाय रं. संपायच्या आधी कळतं का?" तेवढ्यात कुणाला तरी मोबाइलची काच बसवायची होती, पोरगा तिकडे वळला. काका बॅटरी उलटसुलट करत उभे.

खोक्यावर सगळं छापलेलं होतं. नव्हतं ते एवढंच.

गावाकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात, आणि तिच्या पोटात जे घालायचं त्याला सेल. 'विजेरी' हा शब्द शाळेच्या पुस्तकातून निघून दाराआडच्या खुंटीपर्यंत कधी पोचलाच नाही. तर बॅटरी. दोन किंवा तीन सेलची पत्र्याची बॅटरी ज्यांच्या घरात होती त्यांना काकांचा प्रश्न लगेच कळेल. अंगठ्याखाली सरकणारं बटण, त्याचा कोरडा खट्ट आवाज, काचेमागची चकचकीत वाटी, तोंड कितीही फिरवलं तरी झोताच्या मधोमध उरणारा काळपट डाग, आणि हाताला बराच वेळ येत राहणारा पत्र्याचा वास. उजेड आजच्या हिशेबानं वीस-तीस ल्युमेन (ल्युमेन हे एकूण उजेडाचं माप), म्हणजे मोबाइलच्या टॉर्चहून कमीच. पण ती बॅटरी जाण्याआधी सांगून जायची. सेलचा दाब उतरेल तशी बल्बची तार कमी तापायची. पांढरट झोत पिवळा व्हायचा, मग तांबूस. तांबूस झाला की माणूस पाय उचलायचा. बंद करून दहा मिनिटं थांबलं की सेल जरासा सावरायचा आणि शेवटचा बांध ओलांडण्यापुरता उजेड द्यायचा. दुसऱ्या दिवशी तेच सेल अंगणात उन्हाला मांडलेले दिसायचे. उन्हानं सेल भरत नाही, गरम झाल्यामुळे आतली क्रिया तेवढ्यापुरती जोर धरते, एवढंच. पण त्या तेवढ्यापुरत्यावर कैक घरांनी आणखी एक रात्र काढलेली आहे.

एलईडी आली आणि हे सांगून जाणं बंद झालं. बऱ्यापैकी बॅटरीत एलईडी आणि सेल यांच्यामध्ये रुपयाच्या नाण्याएवढी एक तबकडी असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. लिथियमचा सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि रिकामा होत होत तीनच्या आसपास येतो. या सगळ्या उतरणीत एलईडीला मात्र ठरलेलाच करंट पोचवायचा, हे ड्रायव्हरचं काम. म्हणून उजेड जवळजवळ शेवटपर्यंत एकसारखा राहतो. विकणारा हेच कौतुकानं सांगतो आणि ते खोटंही नाही. पण शेवट कसा होतो ते बॅटरीगणिक वेगळं असतं. साध्या ड्रायव्हरच्या बॅटरीत सेलच्या आतलं संरक्षक सर्किट अडीच व्होल्टच्या आसपास करंट तोडून टाकतं आणि झोत अर्ध्या पावलात नाहीसा होतो. चांगला ड्रायव्हर तीन व्होल्टलाच सावध होतो; उजेड एक पायरी खाली आणतो, बटणातला दिवा लाल करतो किंवा दर मिनिटाला एक उघडझाप करतो आणि मग मंद उजेडावर बराच वेळ तग धरतो. गंमत अशी, की तीन बारीक सेल प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात बसवलेली जी सर्वांत स्वस्त बॅटरी असते, तिच्यात ड्रायव्हर नसतोच, फार तर करंट आवरणारा एक रोधक (रेझिस्टर) असतो. ती जुन्या पत्र्याच्या बॅटरीसारखी हळूहळू मावळते. काकांच्या परीक्षेत तीही पास.

नवी बॅटरी घेतली की पहिल्याच रात्री हे घरी करून बघावं. सेल पूर्ण भरायचा, बॅटरी मधल्या उजेडावर लावून भिंतीकडे तोंड करून ठेवायची आणि वेळ टिपून घ्यायची. पुठ्ठ्यावर आठ तास लिहिलेले असतील तर सहाव्या तासापासून लक्ष ठेवायचं. कशी विझते ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की डोंगरावर दचकायला होत नाही. छापलेल्या तासांचीही एक गोम आहे. एफएल-१ नावाचं बॅटऱ्यांसाठीचं एक अमेरिकी मानक २००९ मध्ये आलं. नामवंत कंपन्या त्यानुसार आकडे देतात. त्यात उजेड मोजतात तो बॅटरी लावल्यावर ३० ते १२० सेकंदांच्या दरम्यान, आणि तास मोजतात ते उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे '१००० ल्युमेन, ३ तास' याचा अर्थ पहिली तीन-चार मिनिटं हजार, मग अंग तापलं म्हणून तीनशे-चारशे, आणि शेवटी कुठे तरी शंभर, असा असू शकतो. हे सगळं मानकाला धरूनच. साधा गुणाकार केला तरी ते समजतं. ३००० एमएएचच्या (एमएएच हे सेलच्या क्षमतेचं माप) लिथियम सेलमध्ये जेमतेम ११ वॉट-तास वीज असते. एलईडी आणि ड्रायव्हर मिळून एका वॉटमागे शंभरेक ल्युमेन देतात असं धरलं, तर शंभर ल्युमेन दहा तास चालतील आणि हजार ल्युमेन तासभर. त्या तासातही दहा वॉटची बरीचशी उष्णता अंगठ्याएवढ्या ॲल्युमिनियमनं मुठीत सोडायची. ती पेलत नाही, म्हणून ड्रायव्हर माघार घेतो.

आता ते दोन किलोमीटर. झोताचं अंतर त्याच मानकात असं काढतात, की जिथे उजेड पाव लक्स उरतो ते शेवटचं टोक; लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप. पाव लक्स म्हणजे निरभ्र आकाशातलं पौर्णिमेचं चांदणं. गणित सोपं आहे: झोताच्या कँडेलाचं, म्हणजे त्याच्या तीव्रतेच्या आकड्याचं, वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायची. २५०० कँडेला असतील तर १०० मीटर, १०,००० असतील तर २००. दोन किलोमीटर मारायचे तर दहा लाख कँडेला हवेत, आणि साध्या एलईडीकडून ते काढायला वाटीएवढी नाही, ताटलीएवढी काच लागते. काउंटरवरच्या बॅटरीची काच अठन्नीपेक्षा थोडी मोठी होती. शिवाय मीटर खरे असले तरी त्या टोकाला चांदण्याइतकंच दिसणार. झुडूप की जनावर हे ओळखायचं तर छापलेल्या अंतराच्या निम्मंच धरावं, तिथे चौपट उजेड असतो. ल्युमेनचंही तसंच. डोळ्याला उजेड दुप्पट वाटायला तो जवळपास चौपट करावा लागतो, त्यामुळे ८०० आणि १००० ल्युमेनमधला फरक फक्त किमतीत दिसतो.

मग बघायचं काय? सर्वांत कमी उजेड किती आहे, ते.

अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि तो सराव मोडायला एक क्षण पुरतो. कळसूबाईच्या शिड्यांखाली पहाटे तीनला रांग लागते तेव्हा मागच्यानं हजार ल्युमेनचा झोत वर उचलला, की पुढच्या दहा जणांना पायाखालची पायरी दिसेनाशी होते. तंबूत पाण्याची बाटली शोधायला एक ल्युमेनही पुरतो. मळलेल्या वाटेला तीस ते पन्नास, मुरमाड घसरणीच्या उतरणीला शंभर ते दीडशे. ओढ्यापलीकडच्या कातळावरचा बाण किंवा वाटेची खूण शोधायला तीनशे-चारशे लागतात, तेही दहा सेकंद. म्हणजे रात्रीच्या दहापैकी नऊ तास बॅटरी खालच्या दोन पायऱ्यांवरच जळते. तरीही स्वस्त बॅटऱ्यांत क्रम उलटा: आधी फुल, मग निम्मा, मग लुकलुक, मग एसओएस, म्हणजे मदतीच्या हाकेची उघडझाप. शिडीवर एक हात अडकलेला असताना उजेड कमी करावा म्हणून बटण दाबलं आणि लुकलुक सुरू झाली, की पायरी एकदा दिसते, एकदा दिसत नाही. घेताना दुकानातच चारदा बंद-चालू करून बघायचं. पहिला मंद उजेड येतो का, आणि लुकलुक वाटेत आडवी येते का. निम्मा उजेड कसा मिळवलाय तेही तिथंच कळतं. झोतासमोर बोटं पसरून भराभर हलवायची. बोटं तुटक तुटक दिसली, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसले, तर ड्रायव्हर एलईडी वेगानं उघडझाप करून उजेड कमी करतोय. पावसाळ्यात अशा बॅटरीत पावसाच्या धारा शिवणीच्या टाक्यांसारख्या तुटक दिसतात. पाच मिनिटं छान वाटतं, तासाभरानं डोकं धरतं.

बॅटरी कुठली यापेक्षा ती कुठे धरली यावर निम्मं अवलंबून असतं, आणि हे कुणी विकत नाही. हेडलॅम्पचा उजेड डोळ्यांच्या रेषेतूनच निघतो, त्यामुळे दगडाची सावली दगडामागेच दडते. वाट सपाट दिसते आणि खड्डा पायाला कळतो. तीच बॅटरी कमरेशी धरली तर प्रत्येक खड्याला सावली फुटते, उंचसखल उलगडतं. धुक्यात तर हा फरक जिवावरचा. श्रावणात हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर ढग उतरला की कपाळावरचा झोत समोर पांढरी चादर टांगतो, कारण थेंबांवरून परतणारा उजेड सरळ डोळ्यात येतो. उजेड कमी करायचा, बॅटरी गुडघ्यापर्यंत खाली न्यायची आणि झोत पावलांपुढे पाडायचा. पिवळा उजेड धुकं कापतो असं म्हणतात, ते मनावर घेऊ नये. धुक्याचा थेंब उजेडाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठा, त्याला पिवळं-पांढरं सारखंच. पिवळा डोळ्याला कमी बोचतो, एवढंच. उलट जनावर हुडकायचं असेल तर बॅटरी कानशिलाशी हवी. बिबट्याच्या, कुत्र्याच्या, मांजराच्या डोळ्यांतून उजेड आला त्याच वाटेनं परत जातो, तो आपल्या डोळ्यात पडायचा तर बॅटरी डोळ्याशेजारीच असावी लागते. उसाच्या कडेनं जाणाऱ्यानं दर पन्नास पावलांनी ती कानशिलाशी नेऊन एकदा फडाकडे फिरवावी आणि पुन्हा कमरेशी आणावी. गवतात हिरवट-निळे ठिपके दवासारखे चमकले तर घाबरायचं कारण नाही. ते कोळ्यांचे डोळे. हेडलॅम्प घ्यावाच, कातळटप्प्यावर आणि दोरावर दोन्ही हात मोकळे लागतात. पण चालताना तो कपाळावर विझलेला बरा.

रंगाचं बोलायला हवं, कारण रात्रीच्या पाण्याला जाणाऱ्याचं खरं भय बिबट्यापेक्षा पायाखालचं असतं. शेतीपंपाची लाईट पाळीनं येते, पाळी रात्रीची असली की बारा-एकलाही दारं मोडायला, म्हणजे पाटाचं पाणी वळवायला, जावं लागतं, आणि घोणस, मण्यार, फुरसं त्याच वेळी बाहेर पडलेलं असतं. पांढरी एलईडी मुळात निळी असते, वर पिवळा लेप. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. आपल्या मुठीतला उजेड तिथून आलेला. लेप पातळ आणि स्वस्त असला की उजेड निळसर, ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळा), आणि त्यात तांबडं फार कमी. त्यात पाचोळा राखाडी, माती राखाडी, आणि पाचोळ्यातली घोणसही राखाडी; तिच्या पाठीवरची तपकिरी साखळी विरून जाते. ४००० केल्विनच्या आसपासचा, रंग खरे दाखवण्यात शंभरपैकी नव्वदच्या वर गुण असलेला एलईडी घेतला, तर त्याच करंटला थोडे ल्युमेन कमी मिळतात, पण तपकिरी तपकिरीसारखं दिसतं. तळहातावर झोत टाकून बघावा. हात प्रेताचा वाटला तर ती बॅटरी काचेखाली परत ठेवावी.

सेलच्या बाबतीत मात्र मत एकच एक देता येत नाही. १८६५० नावाचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड नि ६५ लांब, आज बऱ्याच छोट्या ताकदवान बॅटऱ्यांत असतो. या मापात खरी क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या आसपास संपते. वेष्टनावर ९९०० छापलेलं असेल तर तो आकडा छापखान्याचा. किराणा दुकानातल्या तराजूवर टाकावा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो, बनावट बरेचदा हलका असतो. सुटा सेल खिशात चिल्लरीबरोबर ठेवू नये, वेष्टन फाटलेला वापरू नये, पावसाळाभर ठेवायचा तर निम्मा भरून ठेवावा. संरक्षक सर्किट लावलेला सेल तीन-चार मिलिमीटरनं लांब होतो आणि काही बॅटऱ्यांत झाकण लागत नाही, तेही दुकानातच बघावं. चार्जिंगच्या भोकाची वेगळीच कथा: दोन्ही टोकांना सी पिन असलेल्या केबलला स्वस्त बॅटरी लावली तर ढिम्म हलत नाही, कारण आतले दोन पैशांचे रोधक वाचवलेले असतात. बॅटरी बिघडलेली नसते. एका टोकाला जुनी रुंद पिन असलेली केबल लावली की भरायला लागते. याउलट पेन्सिल सेल. त्याची रिचार्जची जात २००० एमएएच आणि १.२ व्होल्ट, म्हणजे सेलमागे अडीच वॉट-तासही नाहीत. पन्नास ल्युमेन चार-पाच तास. पण साध्या पेन्सिल सेलची जोडी पायथ्याच्या वाडीतल्या बिस्किटं विकणाऱ्या दुकानातही मिळते, आणि रात्री दोन वाजता चार्जिंग शोधावं लागत नाही. फक्त परत आल्यावर ते काढून ठेवायचे. आषाढात आत राहिलेला अल्कलाइन सेल पाझरतो, स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पुटं चढतात. लिंबाच्या थेंबानं ती फसफसून निघतात, पण उशीर झाला असेल तर स्प्रिंगही त्यांच्याबरोबर निघते.

पाण्याचं थोडक्यात. खोक्यावरचा आयपीएक्स आकडा बॅटरी किती पाणी सोसते ते सांगतो: आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. सह्याद्रीच्या पावसाला सातच हवा. झूमच्या बॅटरीचं तोंड गालाजवळ धरून झटकन आत लोटावं. गालाला वारा लागतो. पिचकारीच आहे ती. बाहेर ओढताना तोच वारा धुक्यासकट आत जातो आणि चौथ्या दिवशी काचेला आतून दव धरतं. टेल कॅपच्या, म्हणजे मागच्या झाकणाच्या, आट्यांवरच्या रबरी रिंगला वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीसचं बोट लावावं. आटे काळे, ॲनोडाइझ केलेले, म्हणजे वीज न वाहणारा थर चढवलेले असतील तर झाकण पाव फेरा सैल करून ठेवता येतं. मग सॅकमध्ये बटण दाबलं गेलं तरी बॅटरी लागत नाही. आटे पांढरे असतील तर सैल करूनही उपयोग नाही, करंट आट्यातूनच जातो. फुल उजेडावर सॅकमध्ये लागलेली बॅटरी नायलॉनला भोक पाडते. मागे लोहचुंबक असेल तर पंपाच्या स्टार्टरच्या पत्र्याला ती चिकटते, फ्यूज घालताना दातात धरावी लागत नाही. मात्र होकायंत्राजवळ ठेवली की उत्तर भलतीकडे.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडीकडे काजव्यांसाठी जाणार असाल तर वरचं सगळं विसरून एक लाल जिलेटिनचा तुकडा आणि रबरबँड घ्या. काजव्यांची उघडझाप म्हणजे नर-मादीची हाक. त्यात पांढरा झोत घुसला की झाड विझतं. लाल उजेडाचा तोटाही ठाऊक असावा, नकाशावरच्या तपकिरी रेघा त्यात दिसत नाहीत आणि रक्तही दिसत नाही.

दुकानातला पोरगा काच बसवून परत आला तोवर काकांनी बॅटरी कौलांवरून खाली आणली होती. झोत आपल्याच वहाणांवर पाडून ते दोन पावलं पुढे गेले, दोन मागे आले. झूम बाहेर ओढली, वहाण चौकोनात उजळली, आजूबाजूची फरशी काळी झाली. झूम आत ढकलली, फरशी परत आली. "हितं ऱ्हाऊ दे," ते स्वतःशीच म्हणाले. बिबट्याचं भय आहे आणि लांब मारणारी हवीच, हे घरातल्या पोरांचं म्हणणं असावं. घेतली त्यांनी तीच. पैसे मोजून झाल्यावर पिशवीत हात घालून एक जुनी, दोन सेलची, काचेला तडा गेलेली पत्र्याची बॅटरी काढली आणि काउंटरवर उभी केली.

"हिचे सेल दे दोन. जाडे."